भांडवल आणि अडलेला माणूस

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या बाजूला जो रस्ता जातो, त्याला कोपर्निकस मार्ग म्हणतात. जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे आणि दूरदर्शनचे मुख्य कार्यालयही येथेच. त्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. पूर्वी त्याचे नाव लिटन रोड असे होते. लिटनची पाटी उतरली आणि तेथे एका ज्योतिर्विदाचे नाव आले, याबद्दल कोणी हळहळले असेल असे वाटत नाही. परंतु आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याच्या तोंडाशी हे जुने नाव आपल्याला बरोबर आणून सोडते.

१ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटनने दिल्लीस मोठा दरबार भरविला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, खादीचा पोशाख करून त्या दरबारास गेले होते. दिल्लीत हत्ती-घोडे सजत असताना सोलापूर, कलादगी, सातारा, नगर या जिल्ह्यांत मात्र माणसे गावे सोडून निघाली होती. १८७६ चा पाऊस गेला होता. सरकारचे धोरण ठरलेले होते: धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही. भाव चढू द्यावा; तो चढला म्हणजे व्यापारी आपण होऊन धान्य आणतील. व्यापाऱ्यांनी धान्य आणलेही. आगगाडीने ते दख्खनमध्ये उतरले आणि दुकानात पडून राहिले, कारण घ्यावयाला खिशात पैसा नव्हता. त्याच काळात हिंदुस्थानातून गव्हाची निर्यातही चालू होती. पुढे सरकारी आयोगानेच ब्रिटिश हद्दीतल्या मृत्यूंचा आकडा ५० लाखांच्या वर धरला.

अशा वेळी मनात येते, की दुसऱ्यावर संकट कोसळल्यावाचून भांडवलाला नफा मिळतच नाही काय? हा प्रश्न नवा नाही आणि त्याची दोन तयार उत्तरेही प्रत्येकाला ठाऊक आहेत. एक म्हणते, सगळा नफा म्हणजे कोणाचे तरी हिरावलेले अन्न. दुसरे म्हणते, व्यापार राजीखुशीचा असतो. ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये. दोन्ही उत्तरे ऐकताना सोपी वाटतात. माझ्या मते दोन्हींत एकच गोष्ट पाहावयाची राहून जाते, आणि ती म्हणजे गरज आणि अडचण यांतला फरक. मुलीच्या लग्नासाठी शालू घेणारा गरजू असतो. मुलीच्या औषधासाठी घरातली भांडी मोडीत काढणारा अडलेला असतो. पहिला भाव पटला नाही तर दुकानातून उठून जातो. दुसऱ्याला उठता येत नाही. ‘अडला हरी’ ही आपली म्हण याच दुसऱ्याविषयी आहे. व्यापाराला गरजू माणूस हवाच. त्यावाचून व्यापार संभवत नाही. प्रश्न आहे तो त्याला अडलेला माणूस लागतो काय, एवढाच.

याचा विचार पुस्तकातून करण्याऐवजी आपल्याच मुलखात घडलेल्या गोष्टींवरून केला तर अधिक बरे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखून धरली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस त्या बंदरांतून येत असे, आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत असे. बंदरे बंद पडताच लँकेशायरचे चरखे थांबले. १८६२ च्या हिवाळ्यात तेथे लाखो माणसे धर्मादाय अन्नावर जगत होती. आणि तेवढ्याच वेगाने मुंबईत पैसा येऊ लागला. कापसाचे भाव कित्येक पटींनी वाढले. या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीहून सात ते साडेसात कोटी पौंड अधिक मिळाले, असा त्या काळचा अंदाज होता. एवढा पैसा गुंतवावयाचा कोठे? रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. गादीतला कापूस उसवून लोकांनी बाजारात नेला, अशा कथा तेव्हापासून सांगितल्या जातात. त्यांत अतिशयोक्ती असेल, पण त्या सांगाव्याशा वाटाव्यात अशीच परिस्थिती होती.

तीन खंडांतल्या माणसांचे भोग या एका तेजीत एकत्र आले होते. तरीही मुंबईच्या दलालाने ते युद्ध घडवून आणले नव्हते. लँकेशायरला कापूस हवा होता आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस तेथे पोहोचला म्हणून काही गिरण्या तरी चालू राहिल्या. आपत्तीतून नफा झाला, परंतु त्याच नफ्याने आपत्ती काही अंशी हलकीही केली. अॅडम स्मिथने धान्याच्या व्यापाऱ्याची बाजू मांडली ती याच कारणासाठी: टंचाई ओळखून आधी भाव चढविणारा व्यापारी लोकांना आधीच जपून खावयास लावतो आणि जेथे धान्य आहे तेथून ते आणतो. ही बाजू खोटी नाही. ती अपुरी आहे. भाव चढल्यावर जपून खाण्याजोगे ज्याच्या घरात काही असेल त्यालाच ती लागू पडते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, आणि १ जुलैला मुंबईच्या बाजारातले वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा ते पुरे करण्यास कोणाजवळ पैसा उरला नव्हता. तेजीचा राजा प्रेमचंद रायचंदही बुडाला. त्याने १८६४ साली मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ मध्ये, दुष्काळ नुकताच सरत असताना. श्रीमंतांचे बुडणे डोळ्यांत भरते आणि इतिहासात नोंदले जाते. खेड्यातले बुडणे दहा वर्षांनी उघडकीस आले.

पुणे आणि नगर हे जिल्हे काही वऱ्हाडासारखे कापसाचे नव्हेत. पण तेजीचा पैसा रेल्वेच्या कामांतून, बैलगाड्यांच्या भाड्यांतून आणि धान्याच्या चढ्या भावांतून तेथेही झिरपला होता. त्या भरवशावर रयतेला कर्ज सहज मिळू लागले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ च्या सुमारास आली आणि तेजीचेच भाव धरून सारा वाढला. मग भाव उतरले. सारा मात्र उतरला नाही, आणि तो रोख भरावा लागे. रोख रक्कम सावकाराजवळ होती.

यापुढचा व्यवहार नीट समजावून घेण्याजोगा आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. तीन वर्षांत दावा लावला नाही तर रोखा निकामी. ऋणकोला संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. घडले ते उलटेच. मुदत संपण्याच्या आत सावकार कुळाला बोलावी आणि म्हणे, नवा रोखा लिहून दे, नाहीतर कोर्टात जातो. नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दलात मिळविले जाई. समजा, एका कुळाने शेकडा दोन रुपये महिना या दराने शंभर रुपये घेतले. तीन वर्षांचे व्याज बहात्तर. नवा रोखा एकशे बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे दोनशे शहाण्णवांचा आणि नऊ वर्षांअखेर पाचशेंच्या वर. साध्या व्याजाने हाच आकडा तीनशे सोळा झाला असता. या नऊ वर्षांत कुळाला एक पैही नवी मिळालेली नसे. बरे, लिहिलेले त्याला वाचता येत नसे. कोर्ट दूर, तारखेला जाणे म्हणजे नांगर सोडून जाणे. म्हणून बहुतेक हुकूमनामे एकतर्फीच होत.

या सावकाराचा फायदा कुळाने कर्ज फेडण्यात नव्हता. फेडले की कूळ सुटले. ते कधीच सुटू नये, वर्षानुवर्षे धान्य घालीत राहावे, यातच त्याचा धंदा होता. मुंबईच्या दलालाला लँकेशायर पुन्हा उभे राहिले तरी उद्या त्याच्याशी व्यापार करता आला असता. या सावकाराला कुळाची अडचण संपणे परवडणारे नव्हते. नफा आणि आपत्ती यांचे खरे अवलंबित्व मला येथे दिसते.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. या दंग्यांची एक गोष्ट सरकारी आयोगानेही नमूद केली: माणसांना मारहाण झाली ती थोडी, लोकांना हवे होते ते रोखे. ते हाती पडले आणि जाळले, की जमाव बहुधा निघून जाई. आयोगाने काही गावांची पाहणी केली तेव्हा जमीनधारकांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक कर्जात रुतलेले आढळले आणि त्यांचे कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पट होते. दंगेखोरांचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता; यावरून हा सारा परक्यांचा अपराध, असे म्हणण्याची चाल पडली. ती मला मान्य नाही. तो रोखा, तो कायदा आणि ती सारावसुली यांच्या मधोमध कोणीही बसला असता, तरी त्याने फार निराळे केले असते असे मानण्यास आधार नाही.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. अन्याय थांबावा तेवढा थांबला काय? काही अंशी थांबला. पण सावकारांनी हात आखडता घेतला आणि पुष्कळ ठिकाणी गहाणाऐवजी सरळ खरेदीखतच लिहून मागितले. बियाणे, बैल आणि सारा यांसाठी पैसा तर लागतच होता. नाडणाऱ्याला दूर केल्याने अडलेला माणूस आपोआप सुटत नाही, हे त्या कायद्याच्या अनुभवातून दिसते. त्याला दुसरे दार लागते.

मग भांडवलशाही आपत्तीवर अवलंबून आहे, की ती आढळेल तेथे तिचा लाभ उठविते? ‘अवलंबून असणे’ या शब्दांचा अर्थ असा, की टेकू काढला तर वस्तू पडली पाहिजे. इतिहासाने हे टेकू अनेक वेळा काढून पाहिले आहेत. १८६५ च्या डिसेंबरात अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पंधरा वर्षांच्या आत तेथे पूर्वीहून अधिक कापूस पिकू लागला. मुंबईच्या गिरण्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास १८८१ च्या कायद्याने बंदी आली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी कबूल केली. गिरण्या काही बंद पडल्या नाहीत. उलट पुढच्या अर्धशतकात वाढल्या. तेव्हा लहान मुलांच्या श्रमावाचून किंवा रविवारच्या कामावाचून धंदा चालणार नाही, हे म्हणणे खरे नव्हते.

मात्र अमेरिकेच्या उदाहरणाला पुरवणी जोडली पाहिजे. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नाही. ते वाट्याने शेती करू लागले आणि बियाण्यासाठी, पिठासाठी गावातल्या दुकानदाराचे ऋणको झाले. पीक येण्याआधीच ते त्याच्याकडे तारण असे. कापूस निघाला की हिशेब होई, आणि हिशेबाअंती पुष्कळदा देणेच उरे. सुप्याच्या कुळाला ती वही दाखविली असती तर त्याला ती वाचता आली नसती, पण काय लिहिले आहे ते त्याने अचूक सांगितले असते. एक टेकू काढला आणि दुसरा लागला. भांडवलाला आपत्ती अनिवार्य नसते असे मी म्हणतो, ते ही गोष्ट ध्यानात ठेवूनच. जेथे श्रम स्वस्तात अडवून मिळतात, तेथे ते आपण होऊन सोडून देण्याइतके भांडवल उदार कधीच नसते.

गिरणगावातले एक साधे निरीक्षण येथे उपयोगी पडेल. १९२८ चा गिरणीसंप सुमारे सहा महिने चालला. एवढा काळ मजुरांनी तग धरला, त्याचे एक कारण असे की पुष्कळांचे घर रत्नागिरीत किंवा साताऱ्यात होते आणि चार महिने का होईना, तेथे भाकरी मिळत होती. गावाकडची ती तुटपुंजी जमीन त्यांची श्रीमंती नव्हती. मालकाला ‘नाही’ म्हणण्याची ती सवड होती.

आणि ही सवड नसेल तर मालक कोण आहे, याने फारसा फरक पडत नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे जेथे १८७५ मध्ये रोखे जळाले त्याच जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. लोणीजवळ प्रवरेच्या काठी १९५० मध्ये तो चालू झाला. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला आणि सावकाराच्या ओसरीवरून उठला. ही गोष्ट लहान नाही. परंतु त्या उसाला कोयता लावतो कोण? बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास काही लाख माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम त्यांना आधी ‘उचल’ देतो, आणि हंगामभर टनावारी मजुरीतून ती फेडावयाची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड बसतो. आजारपण, बाळंतपण, पाळी, काहीही असो, खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली, तेव्हा पाहिलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. कारखाना सहकारी आहे, भागधारक शेतकरी आहेत, नफा गावात राहतो; तरीही सगळी साखळी शेवटी एका दुष्काळी जिल्ह्याच्या अडचणीला बांधलेली आहे. भांडवलशाही हे नाव काढून टाकल्याने ही गाठ सुटली नाही. ती पाहून मला सुप्याचा रोखा आठवतो. मालकीहक्काच्या वादापेक्षा हे साम्य मला अधिक बोलके वाटते.

आता पुन्हा १८७७ कडे वळू. दुष्काळाची पाहणी करण्यासाठी लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाठविले होते. याच टेंपलने १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचविली होती आणि फार खर्च केला म्हणून बोलणी खाल्ली होती. दख्खनमध्ये त्याने ती चूक सुधारावयाचे ठरविले. पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य घेता येईल इतके, आणि वर थोडे पैसे, एवढी मजुरी त्याने पुरेशी ठरविली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्याऐवजी कामेच सोडून दिली, आणि सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मजुरी मुद्दाम कमी ठेवण्यामागे विचार असा होता, की सरकारी कामावर बरी मजुरी मिळाली तर माणसे खाजगी कामाला जाणार नाहीत. म्हणजे अडलेल्याने अडलेलेच राहिले पाहिजे, हे त्या धोरणात जवळजवळ उघड मान्य केलेले होते.

शंभर वर्षांनी महाराष्ट्रात नेमका याच्या उलट प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात, दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला, आणि २००५ मध्ये केंद्रानेही त्याच धर्तीवर कायदा केला. काम सुरू झाले की आसपासच्या बागाईतदारांची तक्रार ऐकू येई, की आता मजूर मिळत नाहीत. मजूर तेथेच होते; फक्त भाव सांगितल्यावर ते थोडा वेळ विचार करीत.

पण हमीच्या कामाची मजुरी हप्त्याहप्त्याने, आणि पुष्कळदा उशिरा येते. मुकादमाची उचल एका रकमेत, हातावर मिळते. दवाखान्याचे देणे किंवा मुलीचे लग्न हप्त्यांची वाट पाहत थांबत नाही. म्हणून गावात काम निघाले असतानाही, पाऊस सरला की बीडच्या फाट्यांवर भांडीकुंडी, शेरडे आणि पोरे घेतलेले ट्रॅक्टर पश्चिमेच्या वाटेला लागतात.